शंभर त्सुबो माझे, दहा बर्फीचे

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. जुना म्हणा, म्हातारा म्हणू नका. तो शब्द ऐकला की माझे कान मागे जातात. माझं नाव हायाते. जपानी भाषेत त्याचा अर्थ सोसाट्याचा वारा. आता मी चाललो तर वारा सोडाच, पाठीवरची माशीसुद्धा उडत नाही, पण नाव ते नाव. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागाहून कुरकूर नको. मी जळकुटा आहे. दुसऱ्यापुढे गाजर दिसलं की माझ्या तोंडातलं गाजर कडू लागतं. जन्मापासून असाच आहे आणि या वयात सुधारायचा माझा काही विचार नाही.

तुम्ही म्हणाल, जपानी घोड्याला मराठी कशी येते? अहो, माझ्या कुंपणापलीकडेच ज्योत्स्नावहिनींचा भाजीचा वाफा आहे. दर शनिवारी त्या मेथी खुडता खुडता पुण्याला फोन लावतात, आणि तोही स्पीकरवर. वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यांच्या नणंदेनं कुठला सोफा घेतला हेसुद्धा मला ठाऊक आहे. मग मराठी येणार नाही तर काय?

मी जन्मलो होक्काइदोत, जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर. पुढच्याच वर्षी आईला दुसरं शिंगरू झालं आणि माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. पुढे मला शर्यतीच्या घोड्यांत घातलं. धावलो पुष्कळ, जिंकलो एकदाही नाही. जिंकणाऱ्यांचे फोटो निघायचे, त्यांना सफरचंदं मिळायची. ते बघून मी असा मलूल व्हायचो की डॉक्टरला बोलवायचे, आणि डॉक्टरला काहीच सापडायचं नाही. जे घोडे सारखे हरत, त्यांच्यासाठी एक करडा ट्रक यायचा. तो कुठे जातो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण त्यात चढलेला घोडा परत आलेला मी पाहिला नाही. माझं नशीब चांगलं, म्हणून माझ्यासाठी दुसराच ट्रक आला.

फुकुशिमाच्या किनाऱ्यावरच्या एका शेतकऱ्यानं मला घेतलं. तिकडे दर उन्हाळ्यात घोडेस्वारांची मोठी जत्रा भरते. स्वार जुन्या काळचं चिलखत चढवतात, पाठीला निशाण बांधतात आणि शेकडो घोडे एकदम मैदानात उतरतात. वर्षभर चिखलात भात लावणारा माझा मालक त्या दिवशी सरदार व्हायचा. मीही मान अशी ताठ करायचो की विचारू नका. तेवढे दिवस मला कुणाचाही हेवा वाटला नाही. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या घोड्याचा थोडासा वाटायचा, पण थोडासाच.

मग दोन हजार अकरा साल आलं. मार्च महिना होता. जमीन हलायची थांबली, तसा मालक धावत तबेल्यात आला. त्यानं दोर सोडला, दार सताड उघडलं आणि माझ्या पुठ्ठ्यावर एक सणसणीत चापट मारली. मी जो सुटलो तो टेकडीवरच्या देवळापाशी थांबलो. खाली समुद्र आला होता. मालक वाचला. तबेला, शेत, चिलखत, काही वाचलं नाही. त्या दिवसाबद्दल मी एवढंच सांगतो, जास्त विचारू नका.

मालकाला तात्पुरत्या घरांच्या रांगेत दोन खोल्या मिळाल्या. तिथे घोडा कुठे बांधणार? म्हणून त्यानं मला त्याच्या मामांकडे पाठवलं. मामा म्हणजे त्सुचिया-सान. त्यांचं शेत टोकियोला लागून असलेल्या चिबा भागात, इचिकावा शहराहून सायकलनं येता येईल एवढ्या अंतरावरच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कचेरीतल्या भल्या माणसांना उगाच बोल नको. मी आलो तेव्हा घोडा ठेवायची परवानगी आहे का, हे कुणी विचारलंच नाही. लाटेतून वाचलेला घोडा म्हणून लोक बघायला यायचे, गाजरं आणायचे, माझ्या कपाळावरून हात फिरवायचे. खरं सांगू? तो माझा सुखाचा काळ होता.

पण कौतुकाचं असं असतं, ते आटतं. गाजरं कमी झाली. त्सुचिया-सानांची कंबर धरली, तसे त्यांनी शेताचे दोन तुकडे विकले. तिथे घरं उभी राहिली. समुद्राजवळ भर घातलेल्या जमिनीत भूकंपानंतर चिखल वर आला होता, त्या भागातली माणसं आत सरकत होती, त्यांतली काही तिथे राहायला आली. घरांच्या भिंतींना लागून जी पट्टी उरली तिचे त्सुचिया-सानांनी छोटे वाफे पाडले आणि शहरातल्या लोकांना भाजी लावायला भाड्यानं दिले. त्यातला एक वाफा ज्योत्स्नावहिनींनी घेतला, कारण इथल्या दुकानात मेथी मिळत नाही. त्यांचे यजमान अंबरीष टोकियोत कॉम्प्युटरवर काम करतात, आणि शनिवारी इथे येऊन खुरपं हातात धरून फोनवर बोलत उभे राहतात. त्यांची मुलगी नेत्रा तेव्हा एवढीशी होती. कुंपणाच्या फटीतून हात घालून ती मला कोथिंबीर द्यायची. "हायाते-आजोबा" म्हणायची. आजोबा हा शब्द मला तिच्या तोंडून मात्र चालायचा.

एक अख्खा हिवाळा ती माझी होती. कुणाच्याही वाटणीत नव्हती.

आणि मग ती आली. एका वसंतात त्सुचिया-सान आपल्या छोट्या पांढऱ्या ट्रकमधून शेळीचं एक पिल्लू घेऊन आले. गवत कापायचं यंत्र आता त्यांच्यानं खांद्यावर पेलवत नव्हतं, म्हणून गवत खायला शेळी. मी होतो की गवत खायला! मला विचारलं का कुणी? पिल्लू पांढरं स्वच्छ, पाय काड्यांसारखे, आणि उतरल्या उतरल्या त्यानं माझ्या बादलीत तोंड घातलं. नेत्रानं ते बघितलं आणि किंचाळलीच.

"कावाईई! किती गोड! आई, ही बर्फी आहे. हिचं नाव बर्फी."

मला कधी कुणी बघून किंचाळलं नव्हतं. लाटेतून वाचून आलो तेव्हाही नाही.

त्या दिवसापासून माझे दिवस फिरले. नेत्रा सायकलवरून उतरली की "बर्फीऽ!" अशी हाक आणि पलीकडून "मेंऽ!" असं उत्तर. कोथिंबीर बर्फीला. गाजराची सालं बर्फीला. वाफ्यांवर येणाऱ्या बाकीच्या मुलांचे फोटो बर्फीबरोबर. मी फोटोत असायचो, नाही असं नाही. मागे, अर्धा. आणि ही बया काय करायची? गवताच्या गठ्ठ्यावर चढायची, तिथून माझ्या पाठीवर हनुवटी टेकायची आणि माझी आयाळ चघळायची. शिंगं फुटली तशी ती माझ्या मागच्या पायाला घासायची, मी काय खांब आहे?

पावसाचं तर विचारूच नका. तिला स्वतःची पत्र्याची खोपी होती. पण आभाळातून थेंब पडला की ही तिथे जायची नाही, सरळ माझ्या पोटाखाली येऊन उभी राहायची. मी हललो तर तिच्या अंगावर पाय पडणार. म्हणून मी आपला उभा, पुतळ्यासारखा. मागचा डावा पाय आखडतो, माशा त्रास देतात, शेपूट हलवायचीसुद्धा चोरी. आणि ती खाली डोळे मिटून रवंथ करतेय. नेत्रा छत्री घेऊन बघायची आणि म्हणायची, "बर्फी किती हुशार आहे ना!" हुशार बर्फी! भिजत कोण होतं?

असो. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

बर्फी दीड-दोन वर्षांची झाली असेल. त्या शरद ऋतूत ज्योत्स्नावहिनींच्या आई, सुप्रभाआजी, पुण्याहून मुलीकडे राहायला आल्या. दसरा मधल्या वारी आला होता, पण इथे सगळे सण शनिवारीच होतात, कारण बाकीचे दिवस ऑफिसचे. शनिवारी आजी शेतावर आल्या, त्यांनी मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"अगं ज्योत्स्ना, दारात घोडा उभा आहे आणि तुम्ही दसऱ्याला त्याची पूजा करत नाही?"

"आई, घोडा आपला नाहीये. त्सुचिया-सानांचा आहे."

"घोडा कुणाचाही असो. दसऱ्याला पुजायचा म्हणजे पुजायचा."

मित्रांनो, त्या क्षणी मी आजींचा झालो. त्सुचिया-सानांनी हसून मान डोलावली. वाफ्याच्या कडेला ज्योत्स्नावहिनींनी झेंडू लावला होता, त्याचे हार झाले. आपट्याची पानं इथे कुठली मिळणार? नेत्रानं गावातल्या देवळापासच्या गिंको झाडाची पानं आणली, तीही मधून चिरलेली, दोन पाकळ्यांची असतात. आजींनी माझ्या कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू फासलं, चारही खुरांवर हळदकुंकू घातलं, ओवाळलं, आणि पुण्याहून आणलेला गूळ माझ्या ओठांपाशी धरला. असा पदार्थ मी आयुष्यात खाल्ला नव्हता. जत्रेतल्या त्या पांढऱ्या घोड्यानं मला तेव्हा बघायला हवं होतं.

तेवढ्यात नेत्रा म्हणाली, "आजी, बर्फीला पण हार."

झालं! माझ्या सणात तिचा वाटा. बर्फीनं तिचा हार गळ्यात पडायच्या आधीच खाल्ला. मग ती गठ्ठ्यावर चढली आणि माझ्या गळ्यातला माझा हार, एकेक फूल करून, शांतपणे खाऊन टाकला. सगळे पोट धरून हसत होते. मी नुसता फुरफुरत राहिलो. अंगाचा तिळपापड झाला होता, पण ओवाळलेल्या घोड्यानं लाथ मारायची नसते एवढं मला कळतं.

संध्याकाळी पाचला गावातल्या भोंग्यांवर रोजचं गाणं वाजलं, मंडळी घरी गेली आणि पाऊस आला. बर्फी पोटाखाली, मी उभा. कपाळावरचं कुंकू भिजून माझ्या डोळ्यांवरून, नाकावरून खाली ओघळलं. खुरांवरचंही ओघळलं. शेजारच्या नव्या घरात ओकुनो-सान नावाच्या बाई राहतात, त्यांनी खिडकीतून बघितलं. रक्तानं माखलेला म्हातारा घोडा, हलतसुद्धा नाही, पावसात तसाच उभा! बिचाऱ्या घाबरल्या. त्यांनी चांगल्या मनानं कचेरीत फोन केला.

सोमवारी कचेरीतून कात्सुरा-सान आले. त्यांनी माझं कपाळ पुसलं, खूर पुसले, बोट हुंगून बघितलं. त्सुचिया-सानांनी दसरा समजावून सांगायचा प्रयत्न केला. कात्सुरा-सान हसले, पुन्हा पुन्हा वाकून माफी मागितली. मग जाता जाता त्यांनी नव्या घरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बर्फीकडे बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं.

"त्सुचिया-सान, या दोघांसाठी परवानगी घेतली होती का?"

नव्हती घेतली. कुणी विचारलंच नव्हतं, मग कोण घेणार? आता मात्र तक्रार आली होती, तिची दखल घ्यावीच लागणार होती. त्या गावाचा नियम असा होता: जवळ वस्ती असेल तर एका घोड्यामागे शंभर त्सुबो मोकळी जमीन हवी आणि एका शेळीमागे दहा. एक त्सुबो म्हणजे दोन तातामी चटया, दोन माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढी जागा. तीही जमीन घरांच्या भिंतींपासून बऱ्याच अंतरावरची हवी, लगतची धरायची नाही. मला शंभर आणि तिला दहा! ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हटलं, कचेरीला तरी माझी किंमत कळते.

पुढच्या शनिवारी कात्सुरा-सान मोजायला आले. सगळे जमले होते. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं अंबरीषच्या. बर्फीनं मधल्या मध्ये टेप तोंडात धरला, तो सोडवण्यात थोडा वेळ गेला. कात्सुरा-सानांनी एकदा मोजलं. मग त्यांनाच वाईट वाटत असावं, त्यांनी पुन्हा मोजलं.

"एकशे एक," ते म्हणाले.

आजींना जपानी येत नाही, पण अंबरीषनं आकडा सांगताच त्यांनी टाळीच वाजवली. "एकशे एक! किती शुभ आकडा! झालं ना काम?"

"नाही हो, आई," अंबरीष म्हणाला. "हंड्रेड प्लस टेन लागतात. नऊ कमी पडतायत."

आजींचे हात तसेच राहिले. त्या एकदम खाली बसल्या. "माझ्यामुळे झालं हे. कुंकू लावायला मला कुणी सांगितलं होतं?"

ज्योत्स्नावहिनींनी बाह्या सारल्या. त्या उठल्या, आपल्या वाफ्यात शिरल्या आणि मेथी उपटायला लागल्या. मुळांसकट, मूठ मूठ. झेंडू उपटला, कोथिंबीर उपटली. "ही जागा धरा," त्या कात्सुरा-सानांना म्हणाल्या. "मला नको वाफा. बाकीच्यांना मी विचारते, ते पण देतील." त्यांच्या गालाला माती लागली होती. कात्सुरा-सानांचा चेहरा बघवत नव्हता. ही पट्टी घरांच्या भिंतीला लागून आहे, ती मोजता येत नाही, हे त्यांनी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. वहिनींच्या हातातली मेथी तशीच राहिली. आणि उपटलेल्या ढिगाशी आधी कोण पोचलं असेल? तुम्हीच सांगा. मला काड्या मिळाल्या.

म्हणजे आता सरळ हिशेब होता. दोघांतलं एकच राहणार. मी किंवा ती.

मला मनातून खात्री होती की जाणार मीच. अहो, कुणीही सांगेल. ती तरुण, पांढरी, लाडकी, आणि दहा त्सुबोंत मावणारी. मी जुना, पाय आखडलेला, आणि शंभर त्सुबो खाऊन बसलेला. तिच्या दहांकडे बघून मला माझ्या शंभरांची लाज वाटायला लागली, इतका तिचा हेवा वाटला. थोडं खाणाऱ्याला सगळीकडे जागा असते. कात्सुरा-सानांनी महिनाभराची मुदत दिली होती. त्सुचिया-सान रोज फोन करायचे. घोडेस्वारीच्या क्लबांना केले, पाहुण्यांना केले, माझ्या जुन्या मालकालाही केला. तो आता सहाव्या मजल्यावर राहतो. फोनवर रडला म्हणे. म्हाताऱ्या घोड्याला कुणीच हो म्हणालं नाही.

शेवटी एक जण हो म्हणाला. तो बघायला आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, पण त्याचा ट्रक ओळखला. करडा होता.

त्यानं माझ्या पुठ्ठ्यावर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, आणि पुढच्या आठवड्यात नेतो म्हणाला. तो शनिवार होता. सगळे वाफ्यांशेजारच्या अवजारांच्या झोपडीपाशी चहा घेऊन बसले होते आणि चहा कुणी पीत नव्हतं. नेत्रा बर्फीच्या गळ्यात हात टाकून बसली होती.

"हायाते कुठे जाणार?" तिनं विचारलं.

अंबरीष कपातला चहा ढवळायला लागला.

"बाबा, कुठे जाणार?"

"अगं, तो म्हातारा आहे ना आता," अंबरीष म्हणाला. "त्यांच्याकडे खूप घोडे असतात. ही विल बी फाइन."

"मग तिथे त्याला भेटायला जायचं का आपण? पत्ता काय?"

अंबरीषनं त्सुचिया-सानांकडे बघितलं. त्सुचिया-सानांनी कप खाली ठेवला, आणि त्या म्हाताऱ्यानं पोरीला फसवलं नाही. "नेत्रा-चान," ते म्हणाले, "तिथे भेटायला जाता येत नाही. तो परत दिसणार नाही."

नेत्रा शहाणी पोर आहे. तिला कळलं. तिचे ओठ हलले, मग ती जपानीतच म्हणाली, "इयादा." म्हणजे नको, मुळीच नको. मग बराच वेळ तिनं बर्फीच्या मानेत तोंड खुपसून ठेवलं. आणि तिथूनच, तोंड वर न काढता, मराठीत म्हणाली, "बर्फीला द्या. बर्फीला कुणीपण घेईल. त्याला कोणीच नाही घेणार."

मित्रांनो, मी जिंकलो होतो. आयुष्यातली पहिली शर्यत. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. कसलं काय! पोरीनं निवडलं मला आणि मिठी मारली तिला. माझ्याकडे तिनं वळूनही बघितलं नाही. मी तिथेच उभा राहून जळत होतो, आणि गंमत बघा, बर्फी उठून माझ्यापाशी आली आणि मागच्या पायाला शिंगं घासायला लागली. तिला काय कळतंय? तिला वाटलं, नेहमीचाच शनिवार आहे.

त्सुचिया-सानांनी करड्या ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं, आणि बर्फीला लांबच्या एका शेतकी शाळेनं घेतलं. तिथे मुलं जनावरं सांभाळायला शिकतात. शाळेची गाडी आली तेव्हा आजी पुण्याला परतल्या होत्या, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून वहिनींनी बर्फीच्या हातावर, म्हणजे तोंडात, दही घातलं. पाहुण्याला निरोप देताना तुमच्याकडे देतात तसं. ती गाडीत चढली तीच मुळी खाऊच्या मागे. दार लागल्यावर मात्र एकदा ओरडली. मी उत्तर दिलं नाही. मला काय गरज?

नंतर कात्सुरा-सान आले, त्यांनी शिक्का मारला. मी कायद्यानं राहणारा घोडा झालो. एकशे एक त्सुबो आणि सगळे माझे एकट्याचे. ओकुनो-सान हल्ली गाजरं घेऊन येतात, कपाळाकडे निरखून बघतात. आयाळ कुणी चघळत नाही. बादलीत कुणी तोंड घालत नाही. कोथिंबीर सगळी मला. वहिनींनी मेथी पुन्हा लावली, तिचीही पहिली मूठ मला.

फक्त तिची खोपी होती त्या कोपऱ्यातलं गवत मी खात नाही. ते चवीला बरं नाही, एवढंच. त्सुचिया-सान म्हणतात, "अरे, खा की, आता तुझंच आहे." ते गुडघाभर वाढतं, मग ते धरलेली कंबर घेऊन विळ्यानं कापतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. आणि पाऊस आला की मी आडोशाला जात नाही, जागच्या जागी उभा राहतो. सवय लागलीय. पोटाखाली वारा लागतो, गार लागतं. पूर्वी लागत नव्हतं.

परवा नेत्रा आली. आता ती माझ्या खांद्याला लागते. सायकल लावून ती सरळ माझ्यापाशी आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "हायाते-आजोबा, बघा. शाळेनं पाठवलाय."

फोटो पावसातला होता. मैदानात एक तपकिरी तट्टू उभं आहे, तरुण, छाती काढून. आणि त्याच्या पोटाखाली, चार पायांच्या बरोबर मधोमध, बर्फी. डोळे मिटून रवंथ करतेय.

मी आजवर पुष्कळांवर जळलो. भावावर, पांढऱ्या घोड्यावर, बर्फीवर तर रोज. पण असं कधी झालं नव्हतं. त्या तट्टाचं तोंड बघून माझे कान मागे गेले ते संध्याकाळचं गाणं वाजलं तरी पुढे आले नाहीत. नेत्रानं फोन खिशात घातला, आणि किती दिवसांनी माझ्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. तीही रडत होती. मी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. ही रीत मी कुणाकडून शिकलो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तर मित्रांनो, जनावर घरी आणाल तेव्हा आधी नियम विचारा, आधी जागा मोजा. जीव जडल्यावर टेप काढू नका. त्यातून नऊ त्सुबो कमी भरतात आणि कुणीतरी गाडीत चढतं. आणि तुमच्यापैकी कुणी त्या शेतकी शाळेकडे जाणार असेल, तर त्या तट्टाला माझा एवढा निरोप द्या. त्याला म्हणावं, फार फुशारू नकोस. पाऊस पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाय आखडला तरी नाही, माशी बसली तरी नाही. तिला पाठीवर पाणी पडलेलं सोसत नाही, लगेच खोकते. मी कधी हललो नव्हतो.